जाळी ओली पाहिजे

अजी, तुमी मले एक गोष्ट इचारली अन् उत्तर न घेताच गेले. असं कोणी करते का? भांडण अर्धं टाकून उठाची तुमची सवय जुनीच. जेवता जेवता वाद निघाला का ताट सारून "मोटार पाहून येतो" म्हणत आंगनात जाचे. या वेळी जरा लांबच गेले.

तुमचं नाव मी तुमच्या जिवंतपणी कधी घेतलं नाई, आताही घेणार नाई. सारं गाव तुमाले डायवरभाऊ म्हणे, मी "अजी" म्हणो. तेवढ्यावर आपला संसार झाला, अन् चांगला झाला. हे तुमाले तोंडावर कधी म्हटलं नाई, म्हणून आता म्हणून राह्यली.

तुमी खाटेवर होते. दम लागून राह्यला होता, एकेक शब्द उचलून ठेवत होते. म्हटलं, "परसाले मोटार देजो. शेठशी बोललो हाये मी. तू नाई म्हणू नको. देशीन ना?" परसा म्हणजे माहा पाठचा भाऊ. माय-बाप गेल्यावर आपल्याच घरी राह्यला, तुमच्याच मोटारीवर क्लीनर झाला, तुमीच त्याले स्टेरिंग शिकवलं. आता चांगला बाप्या झाला हाये, औंदा त्याचं लगन कराचं हाये. अन् त्यानंही तोच फुफाटा, तीच रस्त्याची धूळ खाची? तुमी समोर खाटेवर पडले असताना मी हो कशी म्हणू? मी पदर तोंडाले लावला अन् काई बोलली नाई. तुमी माह्या तोंडाकडं पाहत राह्यले, मंग भिंतीकडं तोंड केलं. मले वाटलं, सकाळी बोलू, सकाळी तुमचा दम जरा बरा असते. पण सकाळी कोंबडं आरवाच्या वक्तीच तुमी गेले.

परवा तुमची तेरवी झाली. ब्रह्मपुरीतले सारे आले. आपला धीवर मोहल्ला तं आलाच, पण पार धानोऱ्याच्या जंगलातून गोंड माणसं आली, थोडं पायी, थोडं कोणाच्या मोटारीत बसून. त्यायले कोणी निरोप देल्ला देव जाणे. त्यातला एक म्हातारा आंगनातल्या मोटारीपाशी गेला, तिच्या बोनटवर हात ठेवून उभा राह्यला, अन् मंग येऊन जेवाले बसला. मी मात्र चुलीमागं जाऊन रडली.

काल सकाळी शेठचा मुनीम दाराशी आला. म्हणे, "बाई, वाईट झालं, पण तेंदूपत्त्याचा हंगाम कोणासाठी थांबत नाई. धानोऱ्याले माल पडून हाये. परसराम चालवत असन तं उद्या पहाटे मोटार निघू द्या. नाई तं नागपूरचा डायवर तयार हाये. तेज हाये एकदम, रस्त्यात कोणासाठी थांबत नाई म्हणते." मी म्हटलं, "सांजेले सांगते." तो गेला, अन् मी मोटारीकडं पाहत बसली. तिच्याखाली कोंबड्या बसल्या होत्या. शेजारची बकरी चाकाले आंग घासून राह्यली होती. माणूस गेला अन् लोखंड उभं हाये, याचा मले भल्ला राग आला.

परसासाठी मी मनात वेगळंच ठरवलं होतं. त्यानं तलावावर जाव, जाळं टाकाव, मासोळी आणाव. आपण धीवर, आपल्या बापजाद्यायनं पाण्यावरच पोट भरलं. हे मी तुमालेही कितीकदा म्हटलं होतं. "सोडा ती मोटार. पाण्यावर धूळ नसते." तुमी म्हणाचे, "धूळ नसते वो, पण उन्हाळ्यात पाणीही नसते." अन् हसाचे. उत्तर देवाले तुमी कधी मागं राह्यले नाई.

आपलं लगन झालं तेव्हा तुमी घुग्घुसच्या खाणीचा कोळसा वाहत होते. सांजेले घरी आले का तोंडात फक्त डोळे पांढरे. मी नवी नवरी, मले तं पहिल्या दिवशी भेवच वाटलं. मंग शेठची ही मोटार भेटली, लढाईतून उरलेली, जंगलाच्या मालाची. बांबू, मोहफूल, डिंक, उन्हाळ्यात तेंदूपत्ता. ब्रह्मपुरीहून नदीच्या रेतीतून पलीकडं, गडचिरोली, अन् तिथून धानोरा. मले वाटलं, सुटलो कोळशातून. कायचं काय! काळी धूळ गेली अन् लाल धूळ आली, एवढंच.

एक दिवस तुमी काखेत कोहळ्याएवढा एक गोल डबा घेऊन आले अन् म्हटलं, "परात दे वो."

"कायले?"

"मोटारीचं नाक धुवाचं हाये."

"नाक मोटारीचं अन् परात माह्या मायची? नालीवर जाऊन धुवा."

पण तुमी कायचे ऐकता. माह्या मायनं लगनात देल्लेली पितळेची परात, तिच्यात तुमी दिव्यातलं मातीचं तेल ओतलं अन् तो डबा उघडून बसले. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं! त्या परातीत घासून घासून राख संपली, तरी चार दिवस भाताले वास येत होता. मी बोलत होती अन् तुमी जेवत होते. पाचव्या दिवशी मी ती परात मोटारीलेच देऊन टाकली. अजूनही ती मोटारीचीच परात हाये, दाराच्या मागं उलटी ठेवली असते.

त्या दिवशी मी रागानं बसली होती, तरी तुमी मले सारं समजावून सांगतलं. दुसरा कोणी असता तं म्हटला असता, बाईमाणसाले काय कराचं मोटारीचं. तुमी तसं कधी म्हटलं नाई. म्हटलं, मोटार पेट्रोलावर चालते असं लोक समजतेत, पण ती हवाही पिते, पेट्रोलापेक्षा जास्त पिते. ती हवा या डब्यातून आत जाते. डब्याच्या तळाशी तेल असते, वर तारेची जाळी. हवा वरून येते, तेलावर आपटते, धूळ तेलात बसते. उरलेली धूळ जाळीले चिकटते, अन् चोख हवा तेवढी इंजनात जाते. मी इचारलं, "अन् जाळी कोरडी असली तं?" तुमी म्हटलं, "मंग धूळ सरळ आत. कोरडी जाळी म्हणजे फाटकं जाळं, मासोळी निघून जाते. जाळी ओली पाहिजे." हे तुमचे शब्द हायेत. मी ध्यानात ठेवले, अन् पुढं तुमालेच ऐकवले.

हळूहळू ते काम माह्याच गळ्यात पडलं. तुमचे हात फाटलेले असाचे, मातीचं तेल लागलं का चरचर कराचे. म्हणून तुमी डबा आणून देचे अन् मी धुवो. वरचा पेच हातानं फिरवाचा, जाळी उचलाची, खालचं जुनं तेल ओतून टाकाचं. तळाशी गाळ बसलेला असते, तो लाकडाच्या चिपेनं खरडाचा, डबा चिंधीनं पुसाचा. जाळी मातीच्या तेलात खालीवर हालवाची, तेल काळं झालं का दुसरं घ्याचं, मंग झटकून सावलीत ठेवाची. फुंकर माराची नाई, चिंधीनं घासाची नाई, चिंधीचे धागे अडकतेत. डब्याच्या आत एक रेघ हाये, नवं इंजनतेल त्या रेघेपर्यंत. वर गेलं तं मोटार ते तेल ओढून घेते अन् धूर ओकते. कमी पडलं तं धूळ आत जाते. जाळी नव्या तेलात बुडवून निथळू द्याची, मंगच बसवाची. झाकणाखालची गोल चकती सरळ बसली पाहिजे, नाई तं धूळ तिथून चोरून शिरते.

कधी बदलाचं, यावरून आपलं जे भांडण होतं ते अजून मिटलं नाई. तुमी म्हणाचे, महिना अन् आठवडा मोटारीले काय कळते, रस्ता पाहाचा. डांबरी रस्ता असन तं महिना चालते. गडचिरोलीच्या पुढं कच्चा लागला का आठवड्यानं झाकण उघडाचं. अन् तेंदूच्या दिवसात रोज सांजेले. झाकण उघडून तुमी अंगठा तळाले टेकवाचे. गाळात नख बुडलं तं बदलाचं, नाई बुडलं तं अजून चालते. पण तुमचा अंगठा कुठी अन् माहा कुठी? माहं नख लवकर बुडे, मी तेल बदलून टाको. तुमी म्हणाचे, "तेलाची नासाडी करते ही बाई." मी म्हणो, "नख तुमचं लांब, त्याची शिक्षा मोटारीले कायले?"

अन् एक म्हणाचे तुमी. चढावर मोटार दम टाकाले लागली, मागून काळा धूर आला, पेट्रोल जास्त प्याले लागली, तं समजाचं का आपल्याले उशीर झाला. "तिनं सांगाची वाट पाहाची नाई. आपण आधी पाहाचं." मोटारीसाठी येवढी अक्कल होती तुमाले. स्वतःच्या छातीच्या वक्ती कुठी गेल्ती जी?

मले एकदाच तुमी धानोऱ्याले नेलं. चैत्राचे दिवस होते, मोहफूल वेचणं सुरू होतं. मी सामोर तुमच्या बाजूनं बसली, मागं माल, मालावर परसा. गडचिरोली गेली अन् रस्ता लाल झाला. सामोर एक बैलगाडी लागली. हॉर्न वाजवाव अन् निघून जाव, तं नाई. तुमी तिच्या मागं मागं, बैलाच्या चालीनं. तिचा सारा फुफाटा आपल्या तोंडात.

मी म्हटलं, "पुढं काऊन नाई काढत?"

तुमी म्हटलं, "आपण पुढं गेलो तं आपला फुफाटा त्याच्या लेकरायच्या तोंडात जाईन. त्याची गाडी लहान, आपली मोठी. रस्ता रुंद झाला का काढू."

गावात शिरलो तं मोटार अजून हळू. दारोदारी आंगनात मोहफूल वाळत पडलं होतं, पिवळंधमक, साऱ्या घराले त्याचा वास. तुमी म्हटलं, "यावर धूळ बसली तं वर्षभर यायनं माती खावाची का?" लेकरं मोटारीच्या संगं चालत होती, येवढी हळू. म्हाताऱ्या दारात येऊन हात वर करत होत्या, तुमी मोडक्यातोडक्या गोंडीत काई म्हणत होते अन् त्या हसत होत्या. तुमची गोंडी चुकली म्हणून हसत होत्या, हे मले नंतर परसानं सांगतलं. घरी रोज भांडणारी मी, पण त्या दिवशी तुमच्या बाजूनं बसून मले येवढा मान वाटला का काय सांगू. सांगतलं मात्र नाई. तुमी आधीच फुगून बसले असते.

वापस येताना मी म्हटलं, "गळ्यात हा दुपट्टा कायले मिरवता? तोंडाले बांधा." तुमी मान हालवली. "तोंड झाकलं तं लोक मले ओळखतीन कसे? जंगलात तोंड बांधलेला माणूस दिसला का माणसं झाडात पळतेत. उघडं तोंड दिसलं का हात दाखवतेत. कोणाची बाई अडली असते, कोणाले साप डसला असते. दुसरी मोटार हाये का इथी?" तुमचं म्हणणं खरं होतं अन् माहंही खरं होतं. दोघंही खरे असले का भांडण मिटत नाई.

मधी आपलं राज्य बदललं. काल मध्यप्रदेशात होतो, आज मुंबई राज्यात गेलो. तुमी म्हटलं, "राज्य बदललं, आता रस्ता बदलते का पाहू." रस्ता तोच राह्यला.

अन् ते टोळीचं तेल! हसू नका. त्या हिवाळ्यात तुमचे गुडघे दुखत होते, म्हणून मी टोळीचं, मोहाच्या बियायचं, तेल शिशीत भरून देल्लं, का धानोऱ्याले मुक्काम पडला तं चोळा. तिथी जाळीचं तेल बदलाले पाहाता तं इंजनतेलाचा डबा गळून रिकामा. तुमी परसाले म्हटलं, "तेल म्हणजे तेल. ओत बाईची शिशी." दुपारच्या उन्हात मोटार चालली बी, तुमी मिशीले पीळ देल्ला असन. पण जंगलातली थंडी! सकाळी टोळीचं तेल तुपासारखं गोठलं अन् जाळीची सारी भोकं बुजली. मोटार खोकली, काळा धूर ओकला अन् चूप झाली. मंग तुमी तो डबा गावच्या शेकोटीवर धरून बसले. तेल पातळ होऊन कढाले लागलं, साऱ्या गावात वास सुटला. एक म्हातारी म्हणे, "डायवरभाऊ, मोटारीले पुऱ्या खाऊ घालून राह्यले का?" तेव्हापासून त्या रस्त्यानं तुमचं नाव टोळीचा डायवर पडलं ते पडलंच. घरी आल्यावर तुमी मलेच बोलले, "तुह्या तेलानं मोटार मारली." मी म्हटलं, "गुडघ्याचं तेल नाकात घालणाऱ्यानं मले शिकवू नाई."

त्याच हिवाळ्यात तुमाले खोकला लागला. पहिले वाटलं थंडीचा हाये. मंग होळी झाली, उन्हाळा आला, खोकला गेला नाई. आपल्या घरापासून मोटारस्टँडापर्यंत चालताना तुमी मधात थांबाले लागले, अन् थांबल्याचं कळू नाई म्हणून कोणाशी तरी बोलाचं निमित्त कराचे. मले कळत होतं.

एक दिवस जाळी धुता धुता मी म्हटलं, "अजी, जाळी ओली पाहिजे म्हणाचे ना तुमी? मंग दुपट्टा ओला करा अन् बांधा नाकाले. तुमचंच शास्तर हाये, माहं नाई." तुमी हसले. हसता हसता खोकले, अन् खोकता खोकता म्हटलं, "मिस्त्रीन झाली माही बायको." मी ओला दुपट्टा घेऊन उभी, अन् तुमी तसेच कोरड्या तोंडानं मोटारीत चढले. त्यानंतर रोज म्हटलं, पालथ्या घड्यावर पाणी. रोज तेच उत्तर, "लोक ओळखतीन कसे?"

मंग दवाखाना. डॉक्टरनं छातीले नळी लावली, पाठीले लावली. इचारलं, "काय काम करता?" तुमी सांगतलं. डॉक्टर म्हणे, "पहिले कोळसा बसला, त्यावर धूळ बसली. वर्षानुवर्षं बसत गेली." मी येड्यासारखं इचारलं, "डॉक्टर, धुता नाई येत का?" डॉक्टर बिचारा हसला नाई. तुमी मात्र माह्याकडं पाह्यलं, अन् तुमच्या डोळ्यात मी पहिल्यांदाच भेव पाह्यलं. दवाखान्याच्या पायरीवर तुमी माहा हात धरला, भर रस्त्यात, दिवसा. आपल्या अख्ख्या संसारात असं एकदाच झालं.

आता कालची गोष्ट ऐका. सांजेले परसानं बोनट उघडलं अन् डबा काढून आणला. दाराच्या मागची परात घेतली अन् आंगनात बसला. मी म्हटलं, "मी अजून हो म्हटलं नाई." त्यानं मान वर केली नाई. म्हणे, "माहीत हाये, बाई. तू नाई म्हणशीन तं मी तलावावर जाईन, तुह्या शब्दाबाहेर नाई. पण नवा डायवर येईन उद्या. भाऊजीची मोटार त्याच्या हाती घाण देऊ नाई."

मी त्याच्या सामोर जाऊन बसली. त्यानं अंगठा तळाले टेकवला. म्हणे, "नख नाई बुडलं. चाललं असतं अजून." मी माहा अंगठा टेकवला. बुडलं.

"माह्या अंगठ्यानं मोजाचं," मी म्हटलं.

तो गाळ तुमच्या शेवटच्या खेपेचा होता, अजी. लाल, दाट, बोटाले चिकटणारा. हाच फुफाटा अर्धा डब्यात गेला अन् अर्धा तुमच्यात. मले तो खरडवेना. परसा म्हणे, "दे, मी करतो." मी देल्लं नाई. मीच खरडला, रडत रडत खरडला, अन् एका पानावर घेतला. झाडाच्या बुडाशी टाकावा वाटलं, पण तेलानं झाड मरते. मंग बाहेर नेऊन रस्त्यावर टाकला. जिथून आला तिथी जाव त्यानं.

जाळी धुतली, निथळत ठेवली. मी परसाले इचारलं, "बैलगाडी सामोर लागली तं काय करशीन?"

"मागं राहीन. रस्ता रुंद झाला का काढीन."

"गावात मोहफूल वाळत असन तं?"

"लेकरं संगं चालतीन येवढी हळू."

मले त्या नागपूरच्या डायवरची आठवण आली, जो रस्त्यात कोणासाठी थांबत नाई. अन् त्या म्हाताऱ्याची, ज्यानं बोनटवर हात ठेवला होता. तुमचा रस्ता कोणाच्या हाती देऊ जी? मी इचारलं, "अन् तोंड?"

परसा हळूच म्हणे, "भाऊजी म्हणत, तोंड झाकलं तं लोक ओळखतीन कसे?"

अन् मले उत्तर सुचलं. येवढ्या वर्षांचं उत्तर, तिथी परातीपाशी बसल्या बसल्या! मी म्हटलं, "गाव आलं का दुपट्टा खाली घे. गाव गेलं का वर घे. रस्त्यात माणूस दिसला का खाली, माणूस मागं पडला का वर. त्यात काय हाये येवढं?" परसा माह्याकडं पाहतच राह्यला. मीही. येवढं सोपं होतं जी. तुमाले सुचलं नाई, मले सुचलं नाई. आपण दोघं आपापलं खरं करत भांडत बसलो, अन् धूळ तिचं काम करत राह्यली.

मी परसाले शपथ घातली. ओला दुपट्टा तोंडावर, नाई तं स्टेरिंगले हात लावाचा नाई. खोकला आला का त्याच दिवशी मोटार उभी कराची अन् तलावावर जाचं, मंग शेठ काई म्हणो. त्यानं हो म्हटलं. मंग मी मुनीमाले निरोप धाडला.

आज पहाटे मी तुमचा दुपट्टा काढला. धुतला नव्हता, अजून तुमचा वास हाये त्याले. विहिरीच्या पाण्यात बुडवला, पिळला, अन् परसाच्या तोंडाले मीच बांधला, मागून गाठ घट्ट मारली. परसा म्हणे, "बाई, थंडगार लागते." मी म्हटलं, "लागू दे. कोरडा झाला का पुन्हा भिजव. नदी हाये, नाला हाये, गावोगावी विहीर हाये." मोटार पहिल्या फटक्यातच सुरू झाली. धूर काळा नव्हता, मी पाह्यलं.

वळणावर कोणी तरी हात वर केला. परसानं मोटार हळू केली, दुपट्टा खाली घेतला, काई बोलला, हसला, अन् दुपट्टा पुन्हा वर घेतला. मी दारातून पाहत होती. मोटार दिसेनाशी झाली तरी तिथीच उभी होती.

तं हे तुमच्या इचारल्याचं उत्तर घ्या. परसाले मोटार देल्ली. अन् दुपट्ट्याच्या भांडणात मी जिंकली, अजी. आता ताट सारून आंगनात जावाले तरी तुमी पाहिजे होते.